आई-बाबांचा शेंगेन व्हिसा, पणजीतून अर्ज आणि आईची दोन नावं

अबोली_डिचोली

नमस्कार मंडळी,

धाकटी बहीण पोर्तुगालला कोइंब्रा विद्यापीठात पीएचडी करतेय. आई-बाबांना मे महिन्यात ४५ दिवसांसाठी तिकडे न्यायचं तिने ठरवलंय. त्यासाठी शेंगेन व्हिसा हवा, युरोपातल्या बऱ्याच देशांत एकच चालतो तो. बाबा ६८ वर्षांचे, निवृत्त प्राथमिक शिक्षक. आई ६४. परदेशाचं सोडा, विमानातही दोघं एकदाच बसलीत, काशीला जाताना.

पोर्तुगालची वकिलात आपल्या पणजीतच आल्तिनोवर आहे आणि अर्ज घेणारं केंद्रही पणजीत, त्यामुळे मुंबईची खेप वाचली. कागदपत्रांची यादी तीनदा वाचली. पण आमच्या घरातल्या भानगडी त्या यादीत कुठेच नाहीत, म्हणून इथे विचारते.

बाबांच्या खात्यात नक्की किती पैसे दिसायला हवेत? कोणी दोन लाख म्हणतं, कोणी दहा.

आईचं नाव लग्नात बदललं. पासपोर्टवर सासरचं नाव आहे, बहिणीच्या जन्मदाखल्यावर माहेरचं. म्हणजे कागदोपत्री माझी आई माझ्या बहिणीची आई नाहीच!

तिकीट आधी काढायचं की व्हिसा हातात आल्यावर?

आणि एक एजंट माणशी पंधरा हजार मागतोय, 'शंभर टक्के काम' म्हणतो. द्यावेत का?

---

मांडवीकाठचा

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो. शंभर टक्के म्हणणाऱ्याला शून्य टक्के द्यावेत.

---

कागदकाम

अबोलीताई, मी आणि बायको मुलाकडे तीनदा जाऊन आलो, तिन्ही वेळा अर्ज स्वतः भरला. फोंड्याहून पणजीला जाऊन-येऊन पेट्रोल किती जळलं ते विचारू नका.

आधी पैशांचं. 'दोन की दहा' असा हिशेबच नसतो. पोर्तुगालचा संदर्भाचा आकडा आहे: प्रत्येक प्रवेशाला ७५ युरो आणि राहण्याच्या दर दिवसाला ४० युरो. ४५ दिवसांचे माणशी १,८७५ युरो झाले, दोघांचे ३,७५०. तुमच्या बहिणीने राहण्या-जेवणाची हमी लिहून दिली तर हा भार बराच हलका होतो. त्या हमीपत्राला तिकडे तेर्मो द रेस्पोंसाबिलिदाद म्हणतात. तिचा राहण्याचा परवाना, घराचा करार आणि हे पत्र, तिन्ही तिच्याकडून आधी मागवा. आमचा पहिला अर्ज याच कागदांवाचून तीन आठवडे घरी पडून होता.

आकड्यापेक्षा पैसा कसा आला हे जास्त बघतात असं माझं मत. दर महिन्याला पेन्शन जमा होते, त्यातून वीजबिल जातं, किराणा जातो, थोडं शिल्लक राहतं, असं पासबुक वाचणाऱ्याला माणूस दिसतो.

तिकीट काढू नका. आरक्षणाचा कागद पुरतो. विकत घेतलेलं तिकीट दाखवा असं शेंगेनच्या नियमात नाही. विमा मात्र आधी हवा: किमान ३०,००० युरोंचं संरक्षण, शेंगेनमधल्या सगळ्या देशांत चालणारा, राहण्याचे सगळे दिवस भरून काढणारा. सत्तरी ओलांडली की हप्ता एकदम उडी मारतो. बाबा ६८चे आहेत ते बरं आहे.

अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, आणि निदान पंधरा दिवस आधी व्हायलाच हवा. निर्णयाला साधारण पंधरा दिवस धरतात, पण शंका आली तर ४५ दिवसांपर्यंत लांबतो. मेमध्ये जायचं तर मार्चमध्ये अर्ज द्या. शिगम्याची मिरवणूक पणजीत कोणत्या दिवशी आहे ते बघून अपॉइंटमेंट घ्या, नाहीतर कागद बरोबर असतील आणि तुम्ही मांडवी पुलावर.

फी मोठ्यांना ९० युरो, जून २०२४पासून. त्याआधी ८० होती. केंद्राचा सेवाआकार वेगळा. नकार आला तरी फी परत मिळत नाही.

---

सुशेगाद

९० युरो देऊन 'नाही' ऐकायचं? आमच्या वाड्यावर फुकट ऐकायला मिळतं.

---

तारवटी

बोटीवर एकवीस वर्षं झाली. आमचं सगळं वेगळं. अमेरिकेच्या बंदरात उतरायचं तर खलाशांचा सी-वन-डी व्हिसा, त्यासाठी मुंबईत बीकेसीतली अमेरिकन वकिलात. एका दिवशी ठसे, दुसऱ्या दिवशी मुलाखत. मडगावहून संध्याकाळची कोकणकन्या पकडायची, पहाटे मुंबई, दादरला बहिणीकडे आंघोळ आणि तिकडून बीकेसी. येताना दिवसाची मांडवी, कारण मुलाखत झाल्यावर माणसाला भूक लागते आणि त्या गाडीत खायला मिळतं.

मुलाखत दीड मिनिटाची. खिडकीतल्या बाईने विचारलं, "बोटीवर काय करता?" म्हटलं, "गॅली." म्हणाली, "काय बनवता?" म्हटलं, "जे सांगतील ते." हसली आणि पासपोर्ट ठेवून घेतला. तेवढंच. दहा किलोची फाइल नेली होती, एकही कागद मागितला नाही.

युरोपचं उलट आहे. तिथे तुम्ही बोलत नाही, कागद बोलतात. म्हणून ताई, कागद एकमेकांशी भांडू देऊ नका.

---

मुंबईकर_मालवणी

तारवटीदादा, शेवटचं वाक्य चौकटीत लावण्यासारखं.

बाकी गोंयकारांची मजा आहे बुवा. आमच्या कुडाळच्या माणसाला व्हिसासाठी रात्रभर बस, तुम्हाला म्हापशाची कदंबा.

---

वकीलबाई_म्हापसा

आईच्या नावाचं सांगते, कारण महिन्यातून दोन-तीन जण ह्याच कामासाठी माझ्याकडे येतात.

आपल्याकडे हिंदू घरांत लग्नात मुलीचं नाव बदलायची रीत, आणि नोंदणी कार्यालयाच्या पुस्तकात मात्र माहेरचंच नाव. मग मुलांच्या जन्मदाखल्यावर कधी माहेरचं, कधी सासरचं, नोंद करायला कोण गेलं होतं त्यावर अवलंबून. एका घरात तीन भावंडांच्या दाखल्यांवर आईची तीन नावं पाहिली आहेत. तिसरं नाव कुठून आलं ते त्या माउलीलाही माहीत नव्हतं.

घाबरू नका. गोव्यात लग्नाची नागरी नोंदणी पोर्तुगीज काळापासून सक्तीची आहे, त्यामुळे आईबाबांच्या लग्नाचा दाखला असणारच. त्यावर माहेरचं नाव, वडिलांचं नाव, नवऱ्याचं नाव सगळं असतं. तो काढा. जोडीला नोटरीसमोर प्रतिज्ञापत्र करा की अमुक आणि तमुक ही एकच व्यक्ती आहे. दोन्ही नावं पूर्ण लिहा, कोणतं नाव कोणत्या कागदावर आहे तेही लिहा. आणि अर्जासोबतच्या पत्रात हे स्वतःहून दोन ओळींत सांगा. अधिकाऱ्याला फरक सापडला तर ती शंका होते. तुम्ही आधी सांगितलात तर ती माहिती होते.

बाबांचा जन्मदाखलाही बघून ठेवा. १९५७चा जन्म म्हणजे मूळ नोंद पोर्तुगीजमध्ये. 'श'च्या जागी एक्स, नायकाच्या शेवटी क्यू-यू-ई, प्रभूचं पोरोबो, कामताचं कामोतीं. अशा कागदांवर आपलीच माणसं ओळखू येत नाहीत.

---

अबोली_डिचोली

वकीलबाई, आत्ताच बाबांची पेटी उघडली. बाबांच्या नावातला 'श' खरंच एक्सने लिहिलाय! पासपोर्टवर नेहमीसारखा एस-एच. बाबा म्हणतात, "इतकी वर्षं मी एक्स होतो आणि मला कोणी सांगितलं नाही."

---

वकीलबाई_म्हापसा

पर्यटन-व्हिसाला बाबांचा जन्मदाखला बहुधा कोणी मागणार नाही, पासपोर्ट पुरेसा असतो. पण त्याचा उल्लेखही त्याच प्रतिज्ञापत्रात घालून टाका. स्टँपपेपर एकच लागेल.

---

आकडेमोड

एक गोष्ट कोणीच बोललं नाही. बाबा आयकर विवरणपत्र भरतात का? भरत असतील तर १९६१च्या आयकर कायद्यातलं कलम ५ए आठवतंय ना?

---

मुंबईकर_मालवणी

हे काय नवीन?

---

आकडेमोड

तुम्हाला नवीन, आम्हाला लग्नासोबत येतं. गोव्यात पोर्तुगीज नागरी संहितेमुळे, लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर, नवरा-बायकोची मालमत्ता सामाईक. त्यामुळे पगार सोडून बाकीचं उत्पन्न, म्हणजे घरभाडं, बँकेचं व्याज, धंद्याचा नफा, दोघांच्या विवरणपत्रांत अर्धं-अर्धं दाखवायचं. पेन्शन पगारातच धरतात, ती वाटली जात नाही.

आता गंमत बघा. माझ्या सासऱ्यांच्या मुदतठेवींवर बँकेने व्याजाचा दाखला दिला दोन लाख चाळीस हजारांचा. विवरणपत्रात दिसतात एक लाख वीस हजार. आपण म्हणू बरोबर आहे. पण खिडकीपलीकडे बसलेल्याला वाटणार की अर्धं उत्पन्न लपवलं, किंवा बँकेचा दाखला खोटा. सासऱ्यांच्या अर्जात मी अर्ध्या पानाचं पत्र जोडलं, सासूबाईंचं विवरणपत्रही लावलं, आणि दोन्ही आकड्यांखाली पेन्सिलने रेघ ओढली. देश पोर्तुगाल नव्हता, त्यामुळे त्यांना हे कळायचं आणखीच कारण नव्हतं.

---

सुशेगाद

म्हणजे कायदा पोर्तुगालचा, भरायचा भारताच्या आयकर खात्यात, समजावायचा तिसऱ्याच देशाला. आपण गोंयकार जन्मतःच आंतरराष्ट्रीय.

---

अबोली_डिचोली

आकडेमोड, देव बरें करूं! आमचंही तसंच आहे. खालची खोली भाड्याने दिलीय, भाडं बाबांच्या खात्यात येतं, विवरणपत्रात अर्धं. हे माझ्या डोक्यातही आलं नसतं.

आणखी एक. घराचा आणि कुळागराचा एक-चौदाचा उतारा, म्हणजे आपल्या गोव्यातला जमिनीच्या नोंदीचा कागद, जोडायचा का? बाबांचा आग्रह आहे. म्हणतात, कुळागर बघितल्यावर त्यांना कळेल की मी परत येणार.

---

कागदकाम

जोडा, पण पहिल्या पानावर नको. इंग्रजीत एक ओळ लिहा की ही वडिलोपार्जित सुपारीची बाग, इतक्या चौरस मीटरची, अमुक तालुक्यात. गोव्याबाहेरच्या माणसाला एक-चौदा म्हणजे क्रिकेटचा स्कोअर वाटतो. माझ्या एका मित्राने कोमुनिदादीतून, म्हणजे गावच्या सामाईक जमिनीच्या संस्थेतून, मिळणाऱ्या वाट्याची पावतीही जोडली होती, वर्षाला काही रुपये. त्याचं म्हणणं, गावकर आहे हे तर कळेल.

---

चुकलो_बाबा

मी नकार खाल्लेला माणूस. माझी कहाणी ऐका, म्हणजे इतरांनी ती चूक करू नये.

देशाचं नाव घेत नाही. बायको आणि मी, दहा दिवसांची सहल. एजंट म्हणाला, खातं भरलेलं दिसलं पाहिजे. मेहुण्याने चार लाख टाकले, साडूने दीड. स्टेटमेंट काढलं, आठ दिवसांनी दोघांना परत केले. वर त्या एजंटने हॉटेलांची आरक्षणं स्वतःच 'तयार' केली. मला वाटलं आरक्षण म्हणजे आरक्षण.

पासपोर्ट परत आला तो छापील कागदासह. त्यावर कारणांची यादी असते आणि लागू असेल तिथे खूण. आमच्या दोन खुणा. एक: राहण्याच्या हेतूबद्दल दिलेली माहिती विश्वासार्ह नाही. दुसरी: मुदत संपण्याआधी तुम्ही परत जाल याबद्दल वाजवी शंका. पोस्टमन जवळच उभा होता. त्याने विचारलं, "आला काय व्हिसा?" म्हटलं, "नारळ आला."

सगळ्यात बोचलं ते वेगळंच. मी कधी कोणाचे पाच रुपये बुडवले नाहीत, आणि कागदावर मी लबाड ठरलो, तेही दुसऱ्याच्या हातचलाखीमुळे. एजंटला फोन केला तर म्हणाला, "साहेब, पुढच्या वेळी दुसरा देश घेऊ."

---

प्रवासी_सेवक

मी स्वतः हा व्यवसाय करतो. इथे सगळे एजंट चोर असल्यासारखं चाललंय म्हणून लिहितो.

माझ्याकडे येणारे निम्मे लोक साठीच्या पुढचे. मुलगा कॅनडात, मुलगी दुबईत, घरी संगणक नाही. फॉर्ममधला 'प्रवासाचा मुख्य उद्देश' हा रकाना त्यांना समजावायला मला वीस मिनिटं लागतात. त्याचे मी पैसे घेतो, पावती देतो. खोटं आरक्षण करत नाही, आणि निकालाची हमी तर कोणाच्या बापाला देता येणार नाही, कारण निर्णय वकिलातीतला अधिकारी घेतो. अर्ज घेणारं केंद्रसुद्धा फक्त कागद आणि ठसे गोळा करून पुढे पाठवतं. तिथल्या मुलीला "होईल ना हो?" विचारण्यात अर्थ नसतो, तरी सगळे विचारतात.

पंधरा हजार माणशी हे मात्र जास्तच आहेत. आणि 'अपॉइंटमेंट मिळवून देतो, तिचे वेगळे' म्हणणाऱ्यापासून चार हात लांब राहा.

---

चुकलो_बाबा

सेवक, तुमच्यावर राग नाही. तुम्ही मला दोन वर्षं आधी भेटायला हवे होतात.

---

कागदकाम

चुकलोबाबा, पुन्हा अर्ज केलात की नाही? नकारानंतर लगेच करता येतो, अपिलाचा मार्गही त्याच कागदावर लिहिलेला असतो. फक्त जुना नकार लपवू नका. शेंगेनच्या व्हिसा-यंत्रणेत नोंद पाच वर्षं राहते, आणि २९ देशांना ती दिसते.

---

चुकलो_बाबा

केला, दुसऱ्या वर्षी, स्वतः. मागच्या वेळी काय झालं ते पत्रात सरळ लिहिलं. खात्यात एक लाख साठ हजार होते, फक्त आमचे. मिळाला.

---

पेडण्याचा_वाघ

मला एक कळत नाही. बाबांचा जन्म १९५७, गोव्यात. मग व्हिसाच्या मागे कशाला लागताय? १९ डिसेंबर १९६१पूर्वी गोव्यात जन्मलेल्यांना आणि त्यांच्या मुलानातवंडांना पोर्तुगालचं नागरिकत्व मागता येतं. लिस्बनला जन्मनोंदणी करा, पासपोर्ट घ्या, बहिणीकडे ४५ दिवस काय, ४५ वर्षं राहा. आमच्या गावातली अर्धी पोरं तशीच लंडनला गेली.

---

आग्वादचा_नातू

हे वाचून बरं वाटलं नाही. माझे आजोबा आग्वादच्या तुरुंगात होते. त्यांनी ज्यांच्या विरोधात सत्याग्रह केला, त्यांच्याच दारात आपण 'आम्हाला तुमचे म्हणा' असा अर्ज घेऊन उभे राहायचं?

---

पेडण्याचा_वाघ

आजोबांना नमस्कार. पण आजोबांनी तुम्हाला नोकरी ठेवली होती का? पोरं पोटासाठी जातात, झेंड्यासाठी नाही.

---

आग्वादचा_नातू

पोटासाठी कुठेही जावं, मी नाही म्हणत नाही. व्हिसा घेऊन जावं. पाहुणा म्हणून जाणं आणि नाव बदलून जाणं यात फरक आहे.

---

वकीलबाई_म्हापसा

दोघांचंही ऐकून घेतलं, आता व्यवहाराचं. भारतात दुहेरी नागरिकत्व नाही. पोर्तुगालचं घेतलं की भारतीय पासपोर्ट सोडावा लागतो, मतदान गेलं, पुढे ओसीआय कार्ड काढायचं, म्हणजे परदेशी नागरिक झालेल्या भारतीय वंशाच्या माणसाचं कार्ड. ओसीआयवाल्याला शेतजमीन वारशाने मिळू शकते, विकत घेता येत नाही. अबोलीच्या बाबांचं कुळागर आहे, ४५ दिवसांच्या नातभेटीसाठी—

माफ करा, नातभेट नाही, लेकभेट. ४५ दिवसांच्या लेकभेटीसाठी एवढं उलथंपालथं कोण करेल?

---

फोंडेकर_मास्तर

वय वर्षे ७९. वाचत होतो, आता राहवत नाही.

१९५५ साली मी नऊ वर्षांचा होतो. त्या वर्षी भारताने पणजीतली आपली वकिलात बंद केली, कॅसलरॉकवरून येणारी आगगाडीही थांबली. माझ्या आत्याला क्षयाच्या उपचारासाठी मुंबईला न्यायचं होतं. वडील परवान्यासाठी हेलपाटे घालत होते. एका बाजूला पोर्तुगीजांची कचेरी, सीमेवर भारताचं ठाणं, दोन्हीकडे एकच प्रश्न: का जाता, कधी येता? आज शेंगेनच्या फॉर्मात वाचलं, तोच प्रश्न आहे.

आत्याला परवाना मिळाला तेव्हा पावसाळा लागला होता. पत्रादेवीच्या बाजूने खुर्चीवर बसवून नेली. ती मुंबईत बरी झाली, पुढे चाळीस वर्षं जगली आणि जन्मभर मुंबईला 'परदेश' म्हणायची.

अबोली, तुझ्या बाबांना सांग, त्या फॉर्मातल्या प्रश्नाला रागवायचं नाही. खरं उत्तर लिहायचं. मी प्रिमेर ग्रावपर्यंत, म्हणजे शाळेतल्या पहिल्या टप्प्यापर्यंत, पोर्तुगीज शिकलो आहे, बहिणीच्या हमीपत्रात काही अडलं तर व्यक्तिगत निरोप कर. चुका काढायची सवय अजून गेली नाही.

---

आग्वादचा_नातू

मास्तर, __/\__

---

संपादक

नागरिकत्वावर बोलायला वेगळा धागा काढावा. इथे व्हिसाच चालू द्या. मास्तरांचा प्रतिसाद अर्थातच राहील.

---

शेवंती

फोटोबद्दल कोणी काही बोललं नाही. ३५ बाय ४५ मिलिमीटर, पांढरी पार्श्वभूमी, चेहरा मोकळा. माझ्या सासूबाई फोटोला अबोलीच्या फुलांची फाती माळून, नथ घालून गेल्या. फोटोवाल्याने वर त्यांना तीन छटा गोरं करून दिलं. केंद्रावरच्या मुलीने फोटो बघितला, सासूबाईंना बघितलं, पुन्हा फोटो बघितला आणि म्हणाली, "मावशी, ह्या कोण?"

---

अबोली_डिचोली

शेवंती, आता आईला हे वाचून दाखवलं. ती म्हणते फाती नको, पण नथीचा विचार करते.

---

अबोली_डिचोली

काल अर्ज दिला. सविस्तर सांगते, कारण तुम्ही सगळ्यांनी वेळ दिलात.

एजंट घेतला नाही. मास्तरांनी हमीपत्रात खरोखरच चूक काढली: बहिणीने बाबांची जन्मतारीख लिहिताना महिना आणि दिवस उलटे लिहिले होते. तिने नवं पाठवलं.

सकाळी नऊची वेळ होती, बाबा साडेसातलाच पणजीत हजर. शिक्षक. केंद्रावर कागद एकेक करून घेतले. आईच्या नावाचं प्रतिज्ञापत्र आणि लग्नाचा दाखला मी सगळ्यात वर ठेवला होता. मुलीने वाचला, बाजूला ठेवला, काही विचारलं नाही. ५एचं पत्र वाचून मात्र हसली. म्हणाली, "माझ्या आईबाबांचंही असंच."

ठशांना वेळ लागला. बाबांचे लगेच उमटले. आईची बोटं यंत्र मानेचना. चारदा पुसली, पाण्याचा हात लावला, दाबून धरली. आदोळीवर (विळीवर) चाळीस वर्षं नारळ खवून रेषाच पुसट झाल्यात. आई इतकी ओशाळली, जणू तिनेच काही चूक केलीय. शेवटी पाचव्यांदा उमटले. येताना गाडीत बसून ती आपली बोटं बघत होती. म्हणाली, "नारळ कोणी खाल्ले, आणि रेषा कोणाच्या गेल्या."

---

तारवटी

आईला म्हणावं आमच्या गॅलीत या, आमच्याही नाहीत. साइन-ऑनच्या, म्हणजे बोटीवर रुजू होण्याच्या, आधी पंधरा दिवस मी रात्री खोबरेल लावून झोपतो. थोडा फरक पडतो.

---

कागदकाम

एकदा उमटले ना, मग ५९ महिने चिंता नाही. तेवढ्या काळात पुन्हा अर्ज केला तर जुनेच ठसे चालतात. आणि हा व्हिसा नीट वापरून परत या. एप्रिल २०२४पासून भारतीयांना सवलत आहे: तीन वर्षांत दोन व्हिसा नियमाने वापरले की पुढचा दोन वर्षांचा, अनेक प्रवेशांचा मिळू शकतो, त्यानंतर पाच वर्षांचा. मात्र तेव्हाही कुठल्याही १८० दिवसांत ९०च दिवस.

---

सुशेगाद

नारळाचा हिशेब आमच्या घरीही कोणी ठेवला नाही. आईला नमस्कार सांगा.

---

अबोली_डिचोली

आले!! दोन्ही पासपोर्ट. अकराव्या दिवशी.

मुक्काम ४५ दिवसांचा, आणि वैधता त्याहून पंधरा दिवस जास्त, म्हणजे विमानाची तारीख थोडी पुढेमागे झाली तरी चालेल. बाबांनी भिंग घेऊन स्टिकर वाचला. नाव एस-एचने आहे हे तीनदा तपासलं. आता म्हणतात, एक्स बरा होता, वजनदार वाटायचा.

मास्तर, वकीलबाई, आकडेमोड, कागदकाम, तारवटीदादा, चुकलोबाबा, सगळ्यांना आईकडून खतखतें.

आता नवा प्रश्न. आईने सामान काढलंय: सुकी सुंगटं (कोळंबी), सोलां, पेढे, खाजें, घरचं तूप, नारळ आणि मानकुराद आंबे. काय चालेल?

---

कागदकाम

पेढे आणि तूप बाहेर काढा, दूध आणि दुधाचे पदार्थ युरोपीय संघात बाहेरून नेता येत नाहीत. मांसही नाही. सुकी सुंगटं चालतात, मासळीला माणशी २० किलोपर्यंत मुभा आहे. पण नीट बांधा, शेजारच्या बॅगवाल्याचा विचार करा. ताज्या फळांना पीक-आरोग्याचा दाखला लागतो. त्यातून सुटलेली पाचच: अननस, केळं, खजूर, ड्युरियन आणि नारळ.

---

चुकलो_बाबा

म्हणजे इथून नारळ घेऊन जायचं आणि तिकडे तो स्वीकारतात. माझ्या वेळी उलट झालं होतं.

---

अबोली_डिचोली

मानकुराद नाही चालणार हे बाबांना आत्ता सांगितलं. गप्प झाले. मग म्हणाले, "मे महिना. मानकुरादाचा महिना. ही तारीख कोणी काढली?"

आता ते कॅलेंडर घेऊन बसलेत. वैधतेतले ते पंधरा दिवस पुढे ढकलून उपयोगी पडतात का ते बघतायत.

---

सुशेगाद

बाबांना जाऊ द्या निश्चिंत. कुळागराचा पत्ता कळवा, मानकुरादांकडे आम्ही लक्ष देऊ.

---

अबोली_डिचोली

पत्ता एक-चौदाच्या उताऱ्यावर आहे. तो आता वकिलातीत जमा आहे.